रिंगवरचा हात

तुमचे नवे कॅमेरे तुम्हाला लखलाभ. मी माझी जुनी पन्नास एमएमची लेन्स सोडायचो नाही. फोकसची रिंग हातानं फिरवावी लागते, काचेच्या एका कोपऱ्यात बुरशी धरलीय, पण निरांजनाच्या एवढ्याशा उजेडात माणसाचा चेहरा असा टिपते की बघत राहावं. गुणाची आहे.

एक गोष्ट मात्र मी घरातसुद्धा बोललो नव्हतो. दोन वर्षांपासून मला धूसर दिसतं. हातानं फोकस करणाऱ्याचं हे बिंग फुटलं की धंदा बसलाच. तरी फोटो धारदार यायचे. श्रेय मी बिनदिक्कत लेन्सला द्यायचो.

मागच्या महिन्यात अधारताल वस्तीत इंदूकाकूंचं सहस्रचंद्रदर्शन होतं. काकूंच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही, म्हणून त्यांच्या मुलीनं, रुचिरानं, मला बोलावलं.

"श्रीपादभैया, फ्लॅश बिलकुल नको. फक्त एक फोटो पाहिजे, आई हसतानाचा. बाबा गेल्यापासून हसलीच नाही ती."

तिन्हीसांजेला ट्यूबलाइट बंद केल्या. परातीत कणकेचे दिवे लागले. तुपाचा, अष्टगंधाचा वास खोलीत दाटला. सगळ्या बायका काकूंच्या मागं उभ्या होत्या. पुढं परात, आणि परातीपुढं गुडघे टेकून मी एकटा. रुचिरानं बाजूनं ओवाळायला सुरुवात केली. काकूंचा चेहरा दगडासारखा.

तेवढ्यात खिडकीतून झुळूक आली. दिवे फडफडले. मी सवयीनं रिंग सोडून डावा पंजा आडोशाला धरला... आणि नेमक्या तेव्हाच काकू हसल्या. अगदी तोंडभर. कानाशी रिंग सरकल्याचा बारीक आवाज झाला. मी उजव्या हातानं बटण दाबलं. फोटो हुकला म्हणून जीव चरकला, कारण काकू पुन्हा काही हसल्या नाहीत.

घरी संगणकावर लावला आणि थक्क झालो. पापणीचा केस न् केस स्पष्ट! "वा गं माझी वाघीण!" असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा. कौतुकानं काकूंचा डोळा मोठा करून पाहिला. बुबुळात समोरचं सगळं उतरलं होतं. दिवे. माझा डावा पंजा. बटणावरचा माझा उजवा हात. आणि रिंगवर आणखी एक... बारीक मनगटाचा, कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरलेला.

मी तीनदा मोजले. हात तीनच होते.

फोटो द्यायला गेलो तेव्हा रुचिरा रडायलाच लागली. "हीच माझी आई, भैया. हीच!" डोळे पुसत ती चहा ठेवायला आत गेली. काकूंनी मला जवळ बोलावलं.

"आज एकटाच आला?"

"हो काकू. काहून?"

"त्या दिवशी ते पोरगी होती ना, तुझ्या मागं वाकून..." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तुला नीट दिसत नाही न रे? तुझं काम तीच करून राहिली होती. इतकं जीव लावून... मी तिलाच पाहून हसली."

मी चहा न घेताच निघालो.

लेन्स मी सोडलेली नाही. भीती वाटते, पण तिच्याइतकं मला कोणी सांभाळलेलं नाही. फक्त त्या दिवसापासून रिंगला मी हात लावत नाही. फोटो पहिल्यापेक्षा चांगले येतात.