काशीची तहान

राही, तू उद्या नर्सिंगला चाललीस म्हणून सांगतो. घाबरलीस तर बॅग परत उपस, माझं काही म्हणणं नाही. बाकीच्यांनी मोबाईल खाली ठेवा.

आमच्या शेजारी भास्कर मास्तर राहायचे. त्यांची मुलगी हेमा इथेच रत्नागिरीत नर्सिंग शिकत होती. कुठल्या इस्पितळात ते विचारू नका. साल चौऱ्याऐंशी. तिची रात्रपाळी असली की जेवणाचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे, कारण मास्तरांना सायकल येत नव्हती आणि मला दुसरा उद्योग नव्हता. एकदा सकाळी डबा परत आणायला गेलो, तर तो भरलेला तसाच. पोरगी जिन्यात बसून रडत होती.

रात्री तिच्या वॉर्डातली काशी नावाची म्हातारी गेली होती. संगमेश्वराकडची शेतकरीण, मुलगा मुंबईला. आतड्याचं ऑपरेशन झालेलं. तोंडाने काही द्यायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. म्हातारीचं रात्रभर एकच चाललेलं, "बाय, वाईच पानी दे गो. घसा सुकलाय माजा."

हेमाने नुसता ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवला. म्हातारीने तो हिरड्यांत धरून चोखायला सुरुवात केली. हेमाने ओढून काढला. परीक्षा तोंडावर आलेली आणि सिस्टर कडक, करणार काय? पहाटे म्हातारी संपली. वेळ गेला की जबडा उघडाच ताठतो, म्हणून सिस्टर खेकसली, "घट्ट बांध." हेमाने हनुवटीखालून पट्टी घेतली आणि डोक्यावर गाठ मारली. ना गंगेचं पाणी, ना तुळशीचं पान, ते तहानलेलं तोंड तिने स्वतःच्या हाताने बंद केलं.

मी म्हटलं, "अगं, तू नियमाने वागलीस. इस्पितळात माणसं मरणारच." म्हणायला आपलं काय जातं?

पुढे तिच्या पाळीला आणखी दोघी गेल्या. दोन्ही वेळा आधी तिला काशी दिसली. पेशंटच्या पायथ्याशी बसलेली, तोंड बांधलेलं. करायची काही नाही, नुसती हेमाकडे बघायची. घरी सांगितलं तर मास्तर म्हणाले, "जागरणाने होतं असं. शिक्षण अर्धवट सोडायचं नाही." झालं, विषय संपला.

मार्गशीर्षात तिच्या धाकट्या भावाला, हरिहरला, अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. त्याच इस्पितळात ऑपरेशन केलं. बावीस डिसेंबर, शनिवार, अमावस्या. ऑपरेशन उत्तम झालं. हेमाने मुद्दाम पुरुषांच्या वॉर्डात रात्रपाळी मागून घेतली. मास्तर निश्चिंत होऊन घरी गेले, बहीणच उशाशी आहे म्हटल्यावर काळजी कसली. मी डबा दिला तेव्हा हरिहर भुलीच्या गुंगीत होता.

मध्यरात्र उलटली आणि वीज गेली.

हेमाने मेणबत्ती लावली. वळून पाहिलं. हरिहरच्या पायथ्याशी...

काशी.

हेमाने हात जोडले. "आजी, हा नको. माझा भाऊ आहे."

काशी बघत राहिली.

"काय पाहिजे तुम्हाला?"

...

मग हेमाला वाटलं, कळलं. तिने पेशंटला पाजायचा नळीचा कप भरून घेतला. जवळ गेली. गाठ तिचीच होती. सुटेना... सुटली.

तोंड उघडलं.

तिने नळी ओठांत धरली. म्हातारी प्यायला लागली. घट... घट... हेमा रडत होती. "प्या आजी. पोटभर प्या. आणि जा."

कप रिकामा झाला.

वीज आली.

पायथ्याशी कोणी नव्हतं. हेमा उशाशी उभी होती. नळी हरिहरच्या तोंडात होती. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून पाणी वाहत होतं. छाती... हलत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, भूल उतरताना उलटी श्वासात गेली. खरं काय ते महिन्याभराने हेमाने मला एकट्याला सांगितलं, आणि त्यानंतर ती कोणाशीच धड बोलली नाही. आता मास्तर नाहीत, हेमाची आई कुसुमवहिनीही नाहीत, म्हणून मी तोंड उघडतोय.

सकाळी हरिहरला घरी आणलं. दुसऱ्या सिस्टरने त्याचा जबडा बांधून दिला होता. गंगेचं पाणी घालायचं म्हणून मास्तरांनी गाठ सोडली. डोकं मी धरलं होतं. कुसुमवहिनी तुळशीचं पान खुडायला मागल्या दारी गेल्या होत्या.

मास्तरांनी हनुवटी खाली केली. आणि तसेच थांबले.

जिभेवर तुळशीचं पान होतं. हिरवं. ओलं.

मी नंतर इस्पितळात जाऊन विचारलं. कोणी ठेवलं नव्हतं.

मास्तर अजून त्या पानाकडेच बघत होते, तेवढ्यात वहिनी आत आल्या. त्यांचं पान त्यांच्या हातातच होतं.