बेप्पूची वाफ

आखातातल्या मनामाच्या सूकमध्ये, तिथल्या जुन्या बाजारात, मसूदा लोकरीचे स्वेटर बघत होती, तेव्हा रत्नागिरीहून तिच्या भावाचा, उबेदचा फोन आला. अम्मीने कालपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. जमलं तर ये, एवढंच तो म्हणाला.

नवरा, ताहिर, शेजारीच उभा होता. जपानची सहल त्यानेच ठरवलेली. "कधीच्या अंथरुणातच आहेत त्या," तो म्हणाला. "लीव्ह पुन्हा मिळायची नाही. तिकडून आलो की सरळ रत्नागिरी, इंशाल्ला."

मसूदाने स्वेटर घेतला. तेव्हा आपण गप्प राहिलो, हे तिला आजही आतून खातं.

बेप्पू हे जपानमधलं डोंगरालगतचं गरम झऱ्यांचं गाव. तिथे गटारांतून, भिंतींच्या फटींतून, घरांच्या पाठीमागून वाफ निघते. भर दुपारीही रस्ता धुकट, आणि हवेत गंधकाचा उग्र दर्प. एका खानावळीत जमिनीतून येणाऱ्या वाफेवर आपलं आपणच शिजवायचं होतं. खोल दगडी चुली, वर लाकडी झाकणं, आत कोंडलेली वाफ. तिथले लोक तिला नरकाची वाफ म्हणतात.

ताहिर फोटो काढत होता. मसूदाने हातमोजे चढवले आणि अंडी, भोपळा, कोळंबीची टोपली दोन्ही हातांनी चुलीत सोडायला घेतली. वाफेने चेहरा वेढला. काही दिसेना. आणि एकाएकी हातातलं वजन गेलं... खालून कुणीतरी टोपली अलगद धरली होती.

"सोड गो बाय... भाजशील."

अगदी कानाशी. थकलेला, घोगरा आवाज. मसूदाचे हात सुटले. टोपली तळाला टेकल्याचा आवाज आलाच नाही.

"तुम्ही ऐकलंत?"

"वाफ फुसफुसतेय. बाजूला हो, झाकण ठेवू दे."

कोळंबी शिजायच्या आत उबेदचा फोन आला. अम्मी गेली होती. ताहिरने दुवा पुटपुटला, मग घड्याळ पाहिलं. "दफन असरच्या नमाजापर्यंत उरकतील. आपण कुठून पोहोचणार?" थोड्या वेळाने त्यानेच टोपली वर काढली, आणि अंडं सोलून खाल्लं. वाया कशाला घालवायचं, म्हणाला.

मनामात, झिंजच्या घरी परतल्यावर एका दुपारी उबेदच्या बायकोचा, हुदाचा फोन आला. अम्मीला शेवटची आंघोळ तिनेच घातली होती. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग तिचा आवाज उतरला.

"आपा, कुणाला सांगितलं नाय अजून... अम्मी चुलीजवळ कधीच्या गेल्या नव्हत्या ना?"

"नाही. का?"

"दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले होते. ताजे फोड..."

मसूदा ओट्याला टेकली.

"आणि मुठी आवळलेल्या, आपा. काहीतरी उचलून धरल्यासारख्या. आम्ही कोमट पाणी घातलं, बोटं चोळली... नाय सुटल्या. तशाच पुरल्या."