केसरबाईचं कडं

उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी मागं सरलं, की काठावरच्या वस्तीतल्या बाया शिंपले वेचायला चिखलात उतरतात. त्यांचा कायदा एकच. शिंपला पितळी कड्यातून घालून बघायचा. आरपार गेला तर लहान, पाण्यात परत. अडकला तर आपला. हे माप आधी केसरबाईच्या हाती होतं. म्हातारी लई खाष्ट! सख्ख्या बहिणीची पाटी तिनं पाण्यात उलटी केली होती. दोन वर्षांमागं ती गेली, अन् कडं तिच्या सुनेकडं, शीलाकडं आलं.

त्या दुपारी शीलाचा भाऊ बिडकीनहून जेवायला यायचा होता. बाकीच्या बाया घरी गेलेल्या. काठावर शीलाची पाच वर्षांची तनुजा चिखलाच्या भाकरी थापत होती. कड्यात अडकंल असा शिंपला काही घावंना. माहेरच्या माणसापुढं रिकामं पातेलं कसं ठेवायचं? दुसऱ्यांच्या पाट्या तपासणाऱ्या शीलानं लहान शिंपले गुपचूप ओच्यात टाकले. कोण बघतंय?

वारा पडला. टिटव्या एकाएकी गप झाल्या. कुजक्या शेवाळाच्या वासात मशेरीचा वास मिसळला. अगदी केसरबाई लावायची तसली. शीलानं चरकून मागं पाहिलं. काठावर पोर नव्हती.

"तने...! ए तनुजा...!"

तनुजा गळ्याएवढ्या पाण्यात उभी होती. डावा हात वर, कुणी धरून ठेवावा तसा. शीला पडत-झडत गेली, पोरीला छातीशी कवटाळून ढसाढसा रडली. ओच्यातले शिंपले कवाच सांडले होते.

"पाण्यात कशाला गेलीस गं, बयो?"

"आज्जीनं बोलावलं."

"कोणती आज्जी...?"

"आपली. तिनं मला कडं घातलं. ते सुळकन खांद्यापर्यंत गेलं... मग म्हणली, लहान हाय, सोडते. अडकंल तवा नेईन."

शीलानं मूठ उघडली. कडं तिच्याच मुठीत होतं.

पोरीचं डावं मनगट तिनं पदरानं पुसलं, चुलीपुढं धरलं. आजही ते ओलंच असतं. एरवी लेकरू अंगानं भरलं, की आईला केवढं सुख! इथं तनुजा ताटावर बसते, "आई, अजून भाकर..." म्हणते. शीला डोळ्याला पदर लावते अन् भाकरीचं टोपलं झाकून ठेवते.