पिल्लं मोठी होईपर्यंत

तिचा बूट चिखलात रुतला आणि पाय तेवढा मोकळा वर आला. एका पायावर डुगडुगत ती उभी असताना काठावरून आवाज आला, "आधी कोणाला काढू? बुटाला की तुम्हाला?"

तो तळ्याचं पाणी कमी-जास्त करणाऱ्या दरवाजांवरचा मेकॅनिक. त्यानं हात दिला. त्याचा हात ग्रीसनं माखलेला, तिचा चिखलानं... सोडायचं दोघांच्याही जरा उशिराच लक्षात आलं.

ती पक्ष्यांची अभ्यासक. जुना भराव उपसून ही पाणथळ जागा पुन्हा उभी केली होती. ती जागा खरंच जगली का, हे तिनं सांगायचं होतं.

"एवढे बगळे येतात की! झालं तुमचं काम."

"बगळे कुठंही येतात. कमळपक्ष्यानं इथं पिल्लं वाढवली, तर मानायचं. त्याचं घरटं तरंगत्या पानांवर असतं. पाणी एकदम चढलं, की संपलं."

"म्हणजे सगळं माझ्या हातात?"

"थोडंफार," ती हसली.

घरटं झालं. अंडी घालून मादी दुसरीकडे निघून गेली आणि नर उबवत बसला, तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "हे बरंय! सगळं बाप्याच्या गळ्यात!" पाऊस झोडपायला लागला, की तो दरवाजांपाशी भिजत पाणी सांभाळायचा. ती छत्री धरायची — अर्ध्याहून जास्त त्याच्यावर.

एकदा त्यानं सहजच विचारल्यासारखं विचारलं, "पिल्लं मोठी झाली, की तुम्ही जाणार?"

"हो... कामच तसं आहे." थांबा म्हणेल, म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली. तो पाना पुसत राहिला.

पिल्लं उडाली. त्याच आठवड्यात ती धापा टाकत दरवाजांवर आली.

"आमच्या संस्थेच्या सरांनी अभ्यासाला नवं तळं देऊ केलं होतं. मी नको म्हटलं. पुढची काही वर्षं इथंच — हे टिकतंय का, ते बघायला. आणि..." ती त्याच्या हातातल्या पान्याकडे बघत म्हणाली, "आणि तुमच्यासाठी."

त्यानं पाना खाली ठेवला.

"आईनं एक स्थळ आणलं होतं. तुम्ही जाणार म्हणालात, म्हणून... परवाच होकार कळवला."

"थांबा, एवढंच म्हणाला असतात तर —"

"तुम्ही तरी कुठं म्हणालात?"

तिनं हळूच विचारलं, "चांगली आहे?"

"चांगली आहे हो. तिचा काय दोष?" तो कठड्याला टेकला. "म्हणजे आता तुम्ही रोज दिसणार."

"हो," ती म्हणाली. "रोज."