शेवंतीच्या टाकीत ऑईल कुणी कुणी घातलं

कृतिका आणि साईनाथ यांचं शेवटी जमलं. भर दुपारी, खाडीत, चिखलात जमलं.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काहीही झालेलं नाही. कृतिका साईनाथ नावाच्या कुठल्याही माणसाला ओळखत नाही, आणि ओळख झाल्यावर तिला तो आवडणारही नाही.

कृतिका नौपाड्यात एका विम्याच्या ऑफिसात बसायची. कुणाची गाडी कशी मोडली, आणि खरंच मोडली का, हे तपासायचं तिचं काम. दिवसभर लोक येऊन तिच्याशी खोटं बोलत आणि महिनाअखेर तिला त्याचा पगार मिळे. एका मंगळवारी समोरच्या खुर्चीत एक उंच, तेलकट हातांचा मुलगा येऊन बसला.

"स्कूटरला काय झालं?"

"म्हैस बसली."

तिने वर पाहिलं. चेहरा सरळ होता. डोळे... डोळ्यांचं नंतर बघू.

"म्हैस. स्कूटरवर."

"मॅडम, मी स्वतः समोर उभा होतो. माझाही विश्वास बसेना."

"म्हशीचा जबाब घेऊन या," म्हणत तिने फाईल मिटली.

दुसऱ्या दिवशी त्याने म्हशीचा फोटो आणून दिला. म्हैस थेट कॅमेऱ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता. कृतिकाने क्लेम नाकारला. फोटो मात्र—का कोण जाणे—ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. पुरावा म्हणून.

कृतिकाचं घर कोलशेतला, खाडीला लागून. वडील गुणाजी यांची एक होडी होती. होडीचं नाव शेवंती. बायकोचंही तेच. होडीच्या मागे जुनं टू-स्ट्रोक मशीन बसवलेलं. अशा मशीनला पेट्रोलबरोबर ऑईल लागतं—कमी पडलं तर जळतं, जास्त झालं तर गुदमरतं—आणि मापात ऑईल सोडायला कंपनीने आत एक छोटा पंप दिलेला. तो गुणाजींनी पहिल्याच आठवड्यात काढून चकलीच्या डब्यात ठेवला होता.

"जे काम डोल्यांना दिसत नाय, ते होतंय कशावरनं?" असं त्यांचं म्हणणं.

तेव्हापासून ऑईल हाताने, कटिंग चहाच्या ग्लासाने पेट्रोलमध्ये मिसळायचं. गेल्या महिन्यात गुणाजींना वाटलं शेवंतीबाईंनी मिसळलं. शेवंतीबाईंना वाटलं गुणाजींनी. मशीन भर खाडीत एकदाच किंचाळलं आणि गप्प झालं.

घोडबंदर रोडचा एक हॉटेलवाला टपूनच होता. त्याला ही होडी मधोमध कापून तिच्यात सॅलड मांडायचं होतं.

"माझ्या नावात काकडी मांडनार?" शेवंतीबाईंनी विचारलं.

गुणाजींनी निकाल दिला: एकदा मशीन नीट करून बघू. पुलापर्यंत जाऊन परत आलं तर होडी आपली, नाहीतर हॉटेलवाल्याची. कृतिका पहिलं पाऊल या होडीत टाकायला शिकलेली. जमिनीवर चालणं तिला नंतर, जरा निराश होऊनच, शिकावं लागलं होतं. तिने मेकॅनिकवर नजर ठेवायचं तेवढं ठरवलं.

मेकॅनिक शनिवारी डोंबिवलीहून आला. स्कूटरवर. स्कूटरची सीट मधोमध खोलगट होती, रुंद आणि भारदस्त अशी.

कृतिका त्या खोलगट भागाकडे बघत राहिली.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"तुम्ही?" साईनाथ म्हणाला.

"म्हैस बरी आहे?"

"बरी आहे. तुमची चौकशी करत होती."

कृतिका हसली नाही. हसणं हा समोरच्याला दिलेला ॲडव्हान्स असतो, असं तिचं मत होतं.

त्याने जाम झालेलं मशीन मोकळं केलं, पंप डब्यातून काढला, चकलीचा चुरा फुंकून टाकला, कडक झालेल्या नळ्या बदलल्या. ती शेजारीच बसून राहिली, देखरेखीला. मग एक बारीक स्क्रू सैल करून तो नळीतले बुडबुडे बाहेर जाऊ देत बसला.

"एवढा वेळ?"

"हवा राहिली ना, तर पंपाला वाटतं आपण ऑईल ढकलतोय. ढकलत असतो नुसती हवा."

"आमच्या ऑफिसात आहेत असे."

तो हसला. तिची ओढणी वाऱ्याने नळीवर आली, ती त्याने मनगटाने—हाताचा तेवढाच भाग स्वच्छ होता—अलगद बाजूला केली. कृतिकाने ओढणी उलटसुलट करून तपासली. डाग नव्हता. हे तर फारच संशयास्पद होतं.

दुपारी त्याने डबा उघडला. डब्यात काकडी.

"काकडी कुणी दिली?" तिचा आवाज एकदम ऑफिसचा झाला.

"आईने."

"आई हॉटेल लाईनमध्ये आहेत का?"

"मॅडम, मला पित्त आहे."

हॉटेलवाल्याचा माणूस असता तरी हेच म्हणाला असता.

संध्याकाळी त्याने मशीनच्या ऑईलच्या डबीवर मार्करने रेघ मारली. "मशीन चाललं की ऑईल या रेघेखाली उतरायला हवं. उतरलं म्हणजे पंप खरा. पण खात्री होईपर्यंत, पहिल्या टाकीला, पेट्रोलमध्येपण ऑईल मिसळायचं. ते मी मिसळणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

सगळ्यांनी ताबडतोब माना डोलावल्या. या घरात ताबडतोब काही होत नाही, हे तिच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

रविवारी शेवंती निघाली, दोघांना घेऊन. आधी धुरात काठ दिसेनासा झाला. मग पूल. मग साईनाथ.

"नॉर्मल आहे!" धुरातून आवाज आला. खोकला. "...नॉर्मल नाही."

मशीन शिंकलं आणि बंद पडलं. होडी वाहत वाहत तिवरांच्या कडेला गेली. ओहोटी होती, बघता बघता पाणी सरलं आणि होडी चिखलावर टेकली. निवट्या, चिखलातले ते बोटभर मासे, उड्या मारत जवळ आल्या आणि थांबून बघू लागल्या.

साईनाथने प्लग काढले. काळे, चिंब. "हे जळलेलं नाही. हे ऑईल पिऊन पडलंय. टाकीत कुणी काय घातलं?"

कृतिका निवट्यांकडे बघत राहिली.

"मॅडम."

"एक ग्लास... फक्त."

"अहो, मी मिसळलेलं ना!"

"तुम्ही मिसळलंत, याला पुरावा काय होता?"

तेवढ्यात फोन वाजला. गुणाजी. "बंद परलं ना? मी हॉटेलवाल्याला लावतंय फोन."

"बाबा, थांबा. आधी सांगा, टाकीत ऑईल कुणी घातलं?"

"...येक गलास. त्या पंपाचा काय भरोसा?"

"म्हंजे तुमीपन?" मागून शेवंतीबाई कडाडल्या. "मीपन घातला! तुमचा काय भरोसा?"

मग फोनवर बराच वेळ दुसराच, जुना विषय चालला. शेवटी गुणाजी म्हणाले, "ही येल धरायची नाय. पन मशीनवरच घरी यायचा. वल्ही मारीत आलात तर काकडीच."

साईनाथने प्लग पुसले, टाकी रिकाम्या कॅनमध्ये उपसली. मग मान वाकडी करून तो धुराच्या उरलेल्या ढगाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"काय झालं?"

"काही नाही."

"चार ग्लासांचा एवढा धूर होतो?" क्लेम तपासणाऱ्या बाईने विचारलं.

"नाही होत."

"पाचवा कुणाचा?"

"माझाच." तो प्लग पुसतच राहिला, चकचकीत झाले तरी. "पहिल्यांदा ओतत होतो, तेव्हा तुम्ही ओसरीवर आलात... केस पुसत. मग मला आठवेचना, घातलं की नाही."

साक्षीदार नाही, कागद नाही. असा क्लेम तिने एरवी उभ्या उभ्या नाकारला असता. पण धूर होता. अख्ख्या खाडीने पाहिलेला.

तिने ऑईलच्या डबीकडे पाहिलं. ऑईल रेघेखाली उतरलं होतं. पंप खरा होता. काकडीसुद्धा, बहुतेक, पित्ताचीच होती.

चिखलातून बुडबुडे येऊ लागले. पाणी परतत होतं.

"दुसऱ्या कॅनमधलं पेट्रोल साधं आहे," साईनाथ म्हणाला. "ऑईल नाही त्यात. आता सगळं पंपावर. तो फसला तर मशीन कायमचं जाम, आणि शेवंती गेली. टाकू?"

कृतिकाने पर्स उघडली. खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली. आत काळंभोर इंजिन ऑईल.

"हे काय?"

"राखीव होतं." तिने बाटली त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं तिच्यावर मिटली. "ठेव तुझ्याकडे. आणि टाक साधं."

'तुझ्याकडे' हे आपण ऐकलं नाही, असं दोघांनीही दाखवलं.

होडी हलली, तरंगली. त्याने दोरी ओढली. एकदा. दोनदा. मशीन सुरू झालं—धूर नाही, शिंक नाही. हवा इतकी स्वच्छ, की आता एकमेकांकडे न बघण्याला काहीही कारण उरलं नाही. डोळे चांगले होते. दूर काठावर दोन ठिपके अजून भांडत होते.

"जायचं?" त्याने विचारलं.

"थांब जरा. अर्ज लिहून घे."

"हात तेलकट आहेत."

"मग तोंडी घे." ती ताठ बसली, घसा खाकरला. "प्रति, मुख्य भरती-ओहोटी अधिकारी, कोलशेत खाडी. महोदय, अर्जदार क्रमांक एक व दोन यांचं बोलणं आज पाणी वेळेआधी आल्यामुळे अपुरं राहिलं आहे. उपस्थित निवट्यांची हरकत नाही. तरी येत्या रविवारची भरती, म्हशीचा जबाब नोंदवून प्रकरण निकाली निघेपर्यंत, स्थगित ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."