बीरखान्यातला सातू

बेंबळीबाहेरच्या माळावर एका इंग्रज साहेबाची जुनी बियर भट्टी आहे. गाव तिला बीरखाना म्हणतं. शिवप्रिया त्या भट्टीचा इतिहास लिहीत होती. जन्मात दारूच्या थेंबालाही न शिवलेले तिचे वडील ईरण्णा, लेक एकटी नको म्हणून, एक दिवस कुरकुरत तिथं सोबत गेले होते.

आतली लांब फरशी रिकामी होती. इथं भिजवलेला सातू पसरायचे. मोड येईतो दर चार तासांनी फावड्यानं हलवायचे, आणि कोंब चिरडू नयेत म्हणून माणसं अनवाणी असायची. शिवप्रियानं हे सांगताच ईरण्णांनी उंबऱ्यावर चपला काढल्या.

"अप्पा, काचा असतील."

"धान्याची जागा हाय. खळ्यावर कुणी पायताण घालून जातं का?"

तिला हसू आलं. तिचे बूट पायातच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ईरण्णा चार-चार तासांनी उठून माळाची वाट धरू लागले. कधी भरल्या ताटावरून, कधी पूजा अर्धी टाकून. अडवलं की अंगाला कापरं भरायचं. पंधरा दिवसांत ते पार खंगले. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं नाही. आई गेल्यापासून शिवप्रियाला त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. ती भीतीनं अर्धी झाली.

गावातल्या म्हाताऱ्या तुळजाबाईंचे आजेसासरे बीरखान्यात राबलेले. शिवप्रिया तुळजाबाईंना भेटली. साहेब एका दिवसात गाशा गुंडाळून गेला, सातू तसाच फरशीवर राहिला, असं त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला.

"अनवाणी आत गेला त्याला सातू हलवायची बारी लागती, बाई. दुसरं कुणी अनवाणी आलं तरच सुटती."

असल्या गोष्टींवर शिवप्रियाचा काडीचा विश्वास नव्हता. भर दुपारी ती तडक बीरखान्यात गेली. ईरण्णा रिकाम्या हातांनी फावडं मारल्यासारखे वाकत होते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सरळ ओळीत. तळवे रक्ताळले होते.

"अप्पा, घरी चला. इथं काहीच नाही."

"न्हाय कसं? तापायलंय, पोरी. हलवलं न्हाय तर कुजंल."

तिनं हात धरून ओढलं. ते जागचे हलले नाहीत. तिच्याकडं बघून नुसते रडले.

शिवप्रिया उंबऱ्यावर बसली. नाड्या सोडल्या, मोजे काढले, बूट अप्पांच्या चपलांशेजारी ठेवले.

तिनं पाऊल आत टाकलं.

ईरण्णांनी कंबर सरळ केली. झोपेतून उठल्यासारखं इकडंतिकडं पाहिलं, बाहेर येऊन चपला घातल्या.

"चल, ऊन लई झालंय," ते म्हणाले.

फरशी कोरडी ठणठणीत दिसत होती. तिच्या पायांना मात्र घोट्यापर्यंत ओलं, कोमट धान्य लागत होतं.