तालमीतला पाचवा आवाज

देवाची शपथ उगाच घेऊ नये, हे मला कळतं. तरीही घेऊन सांगते... हे खरंच घडलंय. माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत. भर दुपारी, फर्निचरच्या दुकानावरच्या तालमीच्या खोलीत.

काका इंग्रजीत नाटकं लिहायचे. उभा जन्म त्यात घातला, पण नाव कुणाला ठाऊक नाही. प्रयोग व्हायचे ते वाचनालयात, नाहीतर कॉलेजच्या हॉलमध्ये. पहिल्या रांगेत आम्ही घरचेच. त्यात स्वभाव तिखट. वाक्य बदललं म्हणून दोनदा त्यांनी स्वतःचंच नाटक मागे घेतलेलं. नटमंडळी त्यांना मागून 'स्वल्पविराम काका' म्हणत.

साठी उलटल्यावर एका मोठ्या थिएटरने त्यांच्याकडे नाटक मागितलं.

अट एकच. पात्रं चारच हवीत.

लिहून ठेवलेल्या नाटकात होती पाच. काकांनी मन घट्ट केलं आणि थोरल्या बहिणीचं पात्र काढून टाकलं. ती पानं स्वतःच्या हाताने फाडली. कुणी वाचलीही नव्हती.

तालमी सुरू झाल्या.

काका तालमीला नटांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचे. संवाद कानालाच पटला पाहिजे, चेहरा बघितला की माणूस फसतो, असं त्यांचं म्हणणं.

त्या दुपारी जेवणाच्या टेबलाचा प्रवेश चालू होता. आई बोलली. मुलगा बोलला. आणि मग...

एका बाईचा आवाज आला. शांत, जरा बसलेला.

मराठीत सांगायचं तर, "माझी खुर्ची कुणी उचलली?"

काकांच्या हातातली पेन्सिल थांबली.

हे वाक्य फाडलेल्या पानावरचं होतं.

ते गर्रकन वळले.

चारच माणसं...

विचारायचं ओठांवर आलं होतं. पण पुन्हा कटकट केली तर हेही नाटक हातचं जाईल, ही धास्ती. शिवाय संशय दिग्दर्शकावरच होता. याने कुठूनतरी जुनी पानं मिळवली, कुणालातरी लपवून बसवलं. तालीम सुटल्यावर काकांनी पडद्यामागे पाहिलं, कपाट उघडलं, या वयात टेबलाखाली वाकले.

धूळ होती फक्त.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम नटांकडे तोंड करून बसले. आवाज आला नाही.

पण नेमक्या त्याच जागी आईचं काम करणारी नटी थांबली. खिडकीकडे बघत राहिली... कुणाचं तरी बोलणं संपायची वाट बघावी तशी. मग मान हलवून पुढचं वाक्य म्हणाली.

खिडकीपाशी कुणीच नव्हतं.

तालीम संपल्यावर दिग्दर्शकानेच काकांना जिन्यात गाठलं. तोही त्यांच्याकडे संशयानेच बघत होता.

"काका, मी चार म्हणालो होतो. पाचवी बाई मला न विचारता आणलीत?"

"कोण बाई?"

"आता माझ्यासमोर नाटक नका करू. खिडकीपाशी उभ्या असतात त्या. उसवलेल्या बाहीचा कोट. काम झकास करतात हो, पण थिएटरवाले ऐकायचे नाहीत. त्यांना येऊ नका म्हणावं, नाहीतर प्रयोग रद्द."



ती उसवलेली बाही काकांनीच लिहिली होती, त्या फाडलेल्या पानांत...

ते एकटेच परत वर गेले. रिकाम्या खोलीत खिडकीकडे पाठ करून उभे राहिले. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची समजूत घालावी, तशा हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, उद्यापासून येऊ नकोस. माझं एवढं एक नाटक होऊ दे."

मागे फळी करकरली.

मग जिन्यावर पावलं... खाली जाणारी... बराच वेळ.

नाटक झालं. गाजलं. पेपरात काकांचा फोटो आला. थिएटरने लगेच दुसरं मागितलं.

तेव्हापासून काका रोज टेबलाशी बसतात. कागद कोराच. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, पूर्वी माणसं आपण होऊन बोलायची, मी नुसतं उतरवून घ्यायचो. आता खोलीत कुणी बोलतच नाही.

मी म्हटलं, तुम्ही नको म्हणालात ते तर एकट्या ताईला.

काकांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

"जिना उतरणारी पावलं एका माणसाची नव्हती गं."